पंक्चरचा वर्ग

९ जुलै २०२४

टायर कंपनीच्या एजंटानं ही डायरी जानेवारीत देल्ली होती. सहा महिने माझी बायको खातून तिच्यावर गरम भाताचा गंज ठेवत होती. आज मी पुसून घेतली, कारण लिहासारखं काहीतरी झालं. घरी आम्ही हिंदी बोलतो, पण मी शिकलो जिल्हा परिषदेच्या शाळेत. लिहाले बसलो का हात मराठीतच चालते.

झालं असं. दिव्यानी नावाची नववीतली पोट्टी शाळेतून येऊन राह्यली होती. आमच्या पिंपळबोडीपासून शाळा साडेपाच किलोमीटर, त्यातले तीन जंगलाचे. नाल्याच्या पुलाजवळ तिची सायकल पंक्चर झाली. सोबतचे पोट्टे पुढं निघून गेले. ती सायकल हातात धरून एकटी चालत आली, अन वाघ तिच्या समोरून रस्ता ओलांडून गेला. माझ्या दुकानासमोर आली तं दात वाजून राह्यले होते. ट्यूबमधून काटा काढला. बाभळीचा, नखाएवढा. एवढ्याशा काट्यापायी एक पोट्टी गेली असती.

मी ठरवलं, गावातल्या एकूण एक पोट्ट्याले पंक्चर काढणं शिकवायचं. खातून म्हणाली, "सबको सिखा दोगे तो तुम्हारे पास आएगा कौन?" खरं आहे. आपल्या पायावर धोंडा आपणच मारून घेऊन राह्यलो. पण तीस वर्षं झाले हे दुकान चालवून, आता एक काम बिनपैशाचं करून पाहू म्हटलं.

१४ जुलै

पहिला वर्ग झाला. बावीस पोट्टे आले. रविवार होता, अन फुकट होतं. माझी रुखसारबी पहिल्या रांगेत बसली, दुकानदाराची पोरगी म्हणून जरा ताठ मानेनं.

पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवायची, बुडबुडे कुठून येतात पाहायचं, जागा घासायची, सोलुशन लावायचं, थांबायचं, मंग ठिगळ. थांबणंच कोणाले येत नाई. आजकालच्या पोट्ट्याइले सगळं झटपट पाह्यजे. एक पियुषच थांबला. गुणाबाईचा पोट्टा, दहावीत आहे. बाप मुखरू माजरीकडं कोळशाचा ट्रक चालवते, महिन्यातून एकदा घरी येते. पोट्ट्याच्या हातात जादू आहे बावा. त्याचं ठिगळ मी नखानं ओढून पाह्यलं, उचकलं नाई.

प्रत्येकाले एक पिशवी देल्ली. तिच्यात ठिगळं, घासायचा कागद अन सोलुशनची एक नळी. सांगून टाकलं, "संपलं तं मांगायले लाजायचं नाई. नूरभाऊच्या दुकानात फुकट भेटन." टाळ्या वाजल्या.

३ ऑगस्ट

आज दोन पोट्ट्यांनी जंगलातच आपापली सायकल नीट केली अन उजेडात घरी आले. दिव्यानी हसत हसत सांगून गेली. मले भलतंच बरं वाटलं. पियुषले मी वर्गाचा कॅप्टन केलं. नळ्यांचा डबा त्याच्याकडंच राहीन, ज्याले लागन त्याले तोच देईन. मले गिऱ्हाइकापुढून उठावं लागत नाई.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाले सरपंच रंजीताबाईनं मले शाल अन नारळ देला. भाषण करा म्हणाल्या. मी म्हटलं, वाघाले आपण थांबवू शकत नाई, पण पंक्चर तं काढू शकतो. लोक हसले. कॅप्टन म्हणून पियुष बाजूले उभा होता. उन्हानं असन, जरा डुलून राह्यला होता. गुणाबाई समोर बसली होती, पदर डोळ्याले लावून. माझ्या पोट्ट्याचं कोणी पहिल्यांदाच कौतुक केलं म्हणे.

२९ ऑगस्ट

डबा संपला, ब्रह्मपुरीहून नवा आणला. हा तिसरा. रस्ताच तसा आहे. धानाच्या रोवणीचे ट्रॅक्टर अन काटे, पोट्टे तरी काय करतीन?

रुखसार जेवता जेवता म्हणाली, "अब्बा, पियुष को सोलुशन मत दो." मी विचारलं, काऊन? तं म्हणे, "बस मत दो." मी तिले चांगलं झापलं. पंक्चरच्या वर्गात तिचा नंबर पियुषच्या खाली, दुसरा आला होता, अन तेव्हापासून तिचं तोंड वाकडं आहे. दुसऱ्याचं चांगलं पाहवत नाई हा माणसातला सगळ्यात वाईट रोग. ताट तसंच ठेवून उठली. असा राग पोरीच्या जातीले बरा नाई.

११ सप्टेंबर

पियुष रोज येते. डोळे लाल, ओठाच्या कडेले पुरळ आलं आहे. अंगात उष्णता झाली असन. मी म्हटलं, ताक पेत जाय. अंगावरच्या कपड्याले सोलुशनचा वास येऊन राह्यला होता. मले आवडलं. सुताराच्या अंगाले लाकडाचा वास येते, तसा कारागिराच्या अंगाले त्याच्या कामाचा वास पाह्यजेच. माझ्या अब्बाच्या कपड्याले असाच येत होता.

३० सप्टेंबर

गुणाबाई दुकानावर आली. बसा म्हटलं तं बसली नाई. पोट्टा शाळेत जात नाई म्हणते. जाते म्हणून निघते, पण पोचत नाई. परवा गेला होता तं तिथीच चक्कर येऊन पडला. काल तिनं विचारलं तं तिच्या अंगावर हात टाकला त्यानं.

"नूरभाऊ, तुमचं ऐकते तो. तुम्हीच विचारून पाहा न."

संध्याकाळी मी त्याले धरलं. खरं सांग, खर्रा खाऊन राह्यला न? मी म्हटलं, लहानूच्या पानठेल्यावरून घेतं न? तो माझ्याकडं पाहात राह्यला, पाहात राह्यला, अन मंग मान हलवली. हो म्हणाला.

माझं डोकं सणकलं. माझे अब्बा तोंडाच्या कॅन्सरनं गेले. बावीस वर्षं सकाळ-संध्याकाळ प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी-तंबाखू-चुन्याचा खर्रा घोटत बसत, अन लहानपणी मीच त्याइले घोटून देत होतो. आमच्या इकडं पाहुण्याले आधी खर्रा विचारतात, मंग पाणी. गावातल्या पोट्ट्याइचं तोंड आता कोणी सडवत असन तं मी सोडणार नाई.

६ ऑक्टोबर

लहानूचा ठेला आज आम्ही उचलला.

बचत गटाच्या बाया, दहा-बारा माणसं, अन पुढं मी. खर्र्याच्या पुड्या रस्त्यावर ओतून पेटवल्या. ठेला नालीत उलटला. लहानू आडवा आला नाई. बाजूले उभा राहून म्हणाला, "नूरभाऊ, मोठ्याइले विकतो, ते मी नाकारत नाई. पण पोट्ट्याइले देत नाई. माझ्या लेकराची शपथ."

मी म्हटलं, चोराची शपथ कोणाले पाह्यजे?

मंग तो बोलला, "तुमच्या दुकानाच्या मांगं एकदा जाऊन पाहा." मी म्हटलं, माझ्या मांगं का आहे ते मले माहीत आहे. उकिरडा अन मोहाचं झाड. आपलं झाकायले लोक दुसऱ्याचं काढतात. बायांनी माझ्या नावानं घोषणा देल्ल्या. आल्यावर मी अंघोळ करून पोटभर जेवलो. तसा मी लय दिवसात जेवलो नव्हतो.

१८ ऑक्टोबर

लहानू बायको-पोरं घेऊन सासुरवाडीले गेला, तिथी धान कापायच्या मजुरीवर आहे म्हणतात. ठेला जाऊन बारा दिवस झाले, पण पियुषचं काही बरं नाई. उलट वाळला. खर्रा आता कुठून आणते, का माहीत. हात थरथरतात. जिभेवर शब्द अडकतात. सवय सुटताना असंच होते म्हणतात.

गुणाबाई पुन्हा आली. आता तिले रडू बी येत नाई. म्हणाली, "दिवस माझा धानात जाते भाऊ. पोट्टा घरी एकटा. तुमच्या नजरेखाली ठेवा त्याले. काम नका देऊ, नुसता बसवून ठेवा."

मी म्हटलं, हे का सांगणं झालं? माझ्या पोरासारखाच आहे. उद्यापासून दुकानात बसन.

रुखसार हे ऐकत होती. ती उठून आत गेली अन दार लावून घेतलं. खातून तिले समजवायले गेली, तं दोघी बराच वेळ आत. विचारलं तं खातून म्हणे, "लड़की कुछ बोलती नहीं, बस रोती है." या वयात पोरी उगाच रडतात.

२७ ऑक्टोबर

पियुष दुकानात शांत बसते. कधी कधी उगाच हसते. मले वाटते फरक पडून राह्यला. कामाची आवड अजून आहे त्याले, मी उठलो का लगेच सोलुशनच्या डब्याजवळ जाऊन मांडामांड करते. गुणाबाईले मी सांगितलं, काळजी करू नका, माझ्या डोळ्यासमोर आहे.

८ नोव्हेंबर

आज लिहवत नाई.

९ नोव्हेंबर

लिहितो. नाई लिहिलं तं उद्या मी स्वतःलेच दुसरं काहीतरी सांगीन.

काल जुम्मा होता. नमाजले मी ब्रह्मपुरीले जीपनं गेलो, चाबी पियुषजवळ देल्ली. परत आलो तं दुकान उघडं, कोणी नाई. आवाज देत मांगं गेलो. मोहाखाली पियुष पडला होता. बाजूले निकेश, सहावीतला, बारा वर्षाचाही नसन. तो बसून रडत होता अन मधातच हसत होता. आजूबाजूले पन्न्या अन माझ्या नळ्या, कितीतरी, कोरड्या झालेल्या.

अन तरी मले समजलं नाई. अल्ला माफ करो, मले साप वाटला. मी पियुषच्या पायावर दाताचे डाग शोधत होतो. शोधता शोधता ओरडलो, लोक धावले, जीप थांबवली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, रुखसारपेक्षा दहा वर्षं मोठ्या असतीन. विचारलं, "काका, हा काय हुंगतो?" मी म्हटलं, हुंगत नाई मॅडम, खर्रा खाते. त्यांनी त्याचा सदरा काढला अन माझ्या नाकाजवळ धरला. म्हणाल्या, "हा कशाचा वास आहे?"

मी म्हटलं, हा तं माझ्या दुकानाचा वास आहे.

एवढं बोललो अन मंग मलेच माझं बोलणं समजलं.

त्यांनी सगळं सांगितलं. हे हुंगलं का छातीचे ठोके बिघडतात, कधी कधी एकदाच हुंगून माणूस जाते. डोक्याले इजा होते. पियुष वाचन बहुतेक, पण हात अन ध्यान पहिल्यासारखं होईन का, ते आज सांगता येत नाई. नागपूरले पाठवलं. निकेशले सकाळी सोडलं.

घरी आलो. रुखसार दारात उभी होती. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "मैंने बोला था." सगळ्या शाळेले माहीत होतं. पोट्टे त्याले हवा भरणं म्हणत. हवा भरून येऊ म्हणत, अन माझ्या दुकानामांगं येत. ती अडीच महिने माझ्या घरात हे घेऊन जेवत होती, अन मी तिले जळकी समजलो.

१२ नोव्हेंबर

नागपूरले जाऊन आलो. पियुष डोळे उघडते, आईले ओळखते. हातात पेला धरते तं पाणी सांडते. ज्या हातानं ठिगळ उचकत नव्हतं तो हात.

गुणाबाई वरांड्यात बसली होती. मले पाहून उठली अन माझ्या पायावर डोकं ठेवलं. मी वेळेवर आणलं म्हणून पोट्टा वाचला म्हणते. त्या लहानूले किडे पडतीन म्हणते. डॉक्टरानं तिले "व्यसन" एवढंच सांगितलं, अन तिनं खर्रा समजून घेतलं.

तेव्हाच सांगायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण मुखरू बाजूले उभा होता, दोन रात्री न झोपलेला, अन मले शालवाला नूरभाऊ म्हणून राह्यला होता. मी म्हटलं, आज नाई, पोट्टा जरा सुधरू दे. चहा आणून देल्ला दोघाइले. चहा आणून देल्ला, हेच मले येते.

१६ नोव्हेंबर

चार दिवस झाले. रोज म्हणतो, आज सांगतो. आज गिऱ्हाईक होतं, काल अंग दुखत होतं. मी काही जाणून केलं नाई. मी तं वाघापासून वाचवाले गेलो होतो. हे वाक्य मी इतक्यांदा घोकलं का आता पाठ झालं, अन त्यानं काहीच हलकं वाटत नाई. नळ्यांचा सगळा डबा काढून विहिरीमांगं गाडून आलो. गाडताना कोणी पाहाते का म्हणून दोनदा मागं वळून पाह्यलं. तेव्हाच समजलं का मी आता चोरासारखा वागून राह्यलो.

१८ नोव्हेंबर

मुखरू काल दोन माणसं घेऊन लहानूच्या सासुरवाडीले गेला. धानाच्या बांधीत त्याले पाडून मारलं. डावा हात मोडला.

मी नागपूरलेच, बाराले बोललो असतो तं हात मोडला नसता. सोळाले बोललो असतो तरी नसता. चोर सोडून संन्याशाले फाशी म्हणतात. इथी तं चोरच शाल पांघरून बसला आहे.

१९ नोव्हेंबर

लहानूकडं गेलो. सासऱ्याच्या ओट्यावर बसला होता, हात गळ्यात बांधलेला. त्याची बायको कमला मले पाहून आत निघून गेली.

मी सगळं सांगितलं. नळ्या, कॅप्टन, मोहाचं झाड, डॉक्टरीणबाई. हात जोडले. तो ऐकून घेत होता. मंग म्हणाला, "मी दोनदा हाकललं होतं पोट्ट्याइले तिथून. तुमच्याकडं सांगाले आलो होतो. तुम्ही म्हणाले, खर्रावाल्याशी बोलायले मले वेळ नाई."

मले ते आठवतच नाई. म्हणजे मी असं कितीदा बोललो असन.

मी म्हटलं, माफ कर भाऊ. तो म्हणाला, "इथी नोका मांगू. चार लोकांसमोर मले चोर केलं, तिथीच सांगा."

२० नोव्हेंबर

खातूनले अन रुखसारले सांगितलं का ग्रामसभेत बोलणार आहो. खातून घाबरली. लोक दुकान जाळतीन म्हणे, आपल्या लोकांचं एकच घर आहे गावात. रुखसारनं माझा पांढरा कुर्ता काढून इस्त्री करून ठेवला. मी तिले म्हटलं, बेटा, तेव्हा तुझं ऐकाले पाह्यजे होतं. ती म्हणाली, "हां अब्बा. सुनना चाहिए था." तिनं नाई म्हणावं असं मले उगाच वाटलं होतं.

२४ नोव्हेंबर

आज ग्रामसभा झाली. पियुषले काल घरी आणलं म्हणून गुणाबाई अन मुखरू बी होते. लहानू आला होता, मांगं दाराजवळ उभा. त्याले कोणी बसा म्हटलं नाई.

मी उठलो. कागदावर लिहून नेलं होतं, पण वाचता आलं नाई. तोंडानंच सांगितलं. पियुष खर्रा नाई, माझं सोलुशन हुंगत होता. ते मी फुकट वाटलं. नको देऊ असं माझ्याच पोरीनं सांगितलं, अन लहानूनं सांगितलं, मी दोघाइचंही ऐकलं नाई. त्याले दुकानात मीच बसवलं. आठ तारखेलेच मले सगळं समजलं होतं, तरी मी गप राह्यलो, अन त्या गप राहण्यानं लहानूचा हात मोडला. सगळं माझं आहे.

मले वाटलं होतं लोक अंगावर येतीन. मी तयारीनं गेलो होतो.

मंग एक म्हातारा म्हणाला, नूरभाऊ, तुम्ही तं पोट्ट्याइच्या भल्यासाठी केलं. दुसरा म्हणाला, नियत साफ होती. रंजीताबाई म्हणाल्या, एवढ्या लोकांत कबूल करायले मोठं मन लागते, आता झालं ते जाऊ द्या. मुखरू बी मान खाली घालून बसला होता, तो म्हणाला, जाऊ द्या. कोणीतरी टाळी वाजवली. टाळी वाजवली हो.

लहानूनं मागून विचारलं, "अन माझा ठेला?" रंजीताबाई म्हणाल्या, खर्रा वाईटच आहे न लहानूभाऊ, तो गेला ते बरंच झालं. हाताच्या इलाजाचं पाहू. अन पुढचा विषय नळयोजनेचा घेतला.

तेव्हा गुणाबाई उठली. तिनं कधी सभेत तोंड उघडलं नाई. पदर कंबरेले खोचला होता, शेतावरून तशीच आली होती. रंजीताबाई म्हणाल्या, बसा बाई, नळाचं चालू आहे. ती बसली नाई.

"जाऊ द्या म्हणून राह्यले सगळे," ती म्हणाली. "तुमचं का गेलं म्हणून तुम्ही जाऊ द्या म्हणता? या माणसाच्या हवाली मी पोट्टा केला होता. माझा पोट्टा सकाळी बटन लावाले मले बोलावते. पंधरा वर्षाचा आहे. जाऊ द्यायचं असन तं मी म्हणन. आज मी म्हणत नाई."

मुखरूनं तिचा हात ओढला. तिनं सोडवून घेतला. मंग लहानूकडं वळली अन म्हणाली, "तुमचं नाव मी घेतलं, घरोघर घेतलं. माझं चुकलं भाऊ." अन निघून गेली.

नळावर चर्चा सुरू झाली. लोक माझ्याकडं पाहून मान हलवत होते, मनावर घेऊ नका, बाई दुःखात आहे. मले त्याइले सांगावंसं वाटलं का तिले गप करू नका, एवढ्या लोकांत तिनंच माझं ऐकलं. पण तेही मी बोललो नाई. खुर्चीवर बसून राह्यलो, अन नळ कुठून न्यायचा त्याच्यावर हात वर करा म्हणाले, तेव्हा मीही केला.